खोलीचा खर्ज: घरातल्या स्पीकरसाठी डीएसपी नेमकं काय करतं?

गणपतीत बेळगावात 'डॉल्बी' म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे कंपनी येत नाही. येतो तो ट्रॉलीवर रचलेला बॉक्सांचा ढीग, थरथरणाऱ्या काचा आणि छातीत बसणारे धक्के. गंमत अशी, की रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये ही कंपनी काढली ती आवाज वाढवायला नव्हे, टेपवरची खरखर कमी करायला. जुन्या कॅसेट डेकवर 'डॉल्बी एनआर' असं बटण असायचं, ते त्यासाठीच. नाव तेच राहिलं, आपल्या गल्लीत येईपर्यंत अर्थ उलटा झाला.

आता तशीच पाळी 'डीएसपी'वर आली आहे. आपल्याकडे डीएसपी म्हणजे पोलिसातला साहेब. पण साउंडबार किंवा होम थिएटर बघायला गेलात, तर दुकानदार खोक्यावर बोट ठेवून सांगतो, "ह्यात डीएसपी आहे, रूम करेक्शन आहे, खोलीप्रमाणं आपोआप सेट होतं." सेट होतं म्हणजे काय होतं, हे विचारलं की तो पुढचं खोकं दाखवतो.

हे कोडं मला पडलं ते मामामुळे. मामा वडगावचा, म्हणजे बेळगावातल्या विणकरांच्या वस्तीतला. जुनं घर कौलारू, वर लाकडी माळा, मागाच्या खोलीत साड्यांचे गठ्ठे. शास्त्रीय संगीताचं वेड जबरदस्त. कुमार गंधर्व १९२४ साली आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले, हे तो पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो. दोन मोठे स्पीकर, एक ॲम्प्लिफायर, वीस वर्षं सुखात चाललं होतं. मग घर पाडून स्लॅबचं बांधलं. नवा हॉल, गुळगुळीत फरशी, सरकत्या काचांच्या खिडक्या. स्पीकर तेच, तारासुद्धा त्याच. आणि तानपुऱ्याचा खर्ज असा घुमायला लागला, की गायकाचा आवाज ढोलात बसून आल्यासारखा वाटावा. मामाचा फोन आला, "काय करूलास रे? स्पीकर गेले वाटतं. ये बघ जरा."

स्पीकर गेले नव्हते. घर बदललं होतं.

## घंगाळातलं पाणी

पाण्यानं अर्धं भरलेलं घंगाळ दोन्ही हातांनी उचलून चालायला लागा. पाणी डुचमळायला लागतं, पण हवं तसं नाही. त्याचा स्वतःचा एक ठेका असतो. तुमची चाल त्या ठेक्याशी जुळली की पाणी काठावरून उसळतं, न जुळली तर गपगार राहतं. आणखी एक बघा: पाणी काठांपाशी वर-खाली होतं, मधोमध जवळजवळ हलत नाही.

बंद खोलीतल्या हवेचं हुबेहूब असंच आहे. समोरासमोरच्या दोन भिंती म्हणजे घंगाळाचे दोन काठ. स्पीकरमधून आलेला एखादा खालचा सूर त्या खोलीच्या ठेक्याशी जुळला, की भिंतीवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींना ढकलत जातात आणि तो सूर अवाच्या सवा मोठा होतो. शिवाय स्पीकर थांबला तरी तो क्षणभर रेंगाळतो. भिंतीपाशी तो सर्वांत जोरात, आणि पहिल्या ठेक्याला तरी खोलीच्या मधोमध जवळपास गायब. याला खोलीचा अनुनाद म्हणतात. आपण 'खोलीचा सूर' म्हणू.

जुन्या घरात हे का नव्हतं? कौलांच्या फटी, लाकडी माळा, उघडं दार, पलीकडे पडवी. खालचे सूर भिंतीवर आपटून परत येण्याऐवजी तिथून पसार व्हायचे. स्लॅब आणि बंद काच त्यांना कोंडून ठेवतात. (रस्त्यावर तर वर आकाशच. म्हणून मिरवणुकीत बास ऐकू यायला एवढे बॉक्स रचावे लागतात, आणि हॉलमध्ये हातभर स्पीकरसुद्धा खोली हलवतो.)

## ५६५ ला फुटांनी भागा

तुमच्या खोलीचा सूर काढायला यंत्र लागत नाही, शाळेतला भागाकार पुरतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. त्याचं निम्मं ५६५. या ५६५ ला खोलीच्या लांबीनं, फुटांत, भागायचं. येईल तो आकडा म्हणजे पहिला सूर, हर्ट्झमध्ये. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. मग त्याची दुप्पट, तिप्पट हे पुढचे सूर. रुंदीचा आणि उंचीचा असाच वेगळा हिशेब.

मामाचा हॉल १६ बाय १२, उंची १०. लांबीचा पहिला सूर ३५ हर्ट्झ, रुंदीचा ४७, उंचीचा ५६. लांबीचा दुसरा सूर ३५ च्या दुप्पट, म्हणजे ७० च्या आसपास.

आता पेटीकडे या. पुरुष गायक 'काळी एक' पट्टीत गात असेल, तर त्याचा षड्ज, म्हणजे 'सा', साधारण १३९ हर्ट्झ. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ ला थोडी वर. हॉलचा सूर ७०, तानपुऱ्याचा खर्ज ६९! डग्ग्याची घुमारीही याच मुलुखातली. मामानं नकळत खर्जाला जुळलेला हॉल बांधला होता. मिस्त्रीनं पंधरा फूट सात इंच काढला असता तर कदाचित मला फोनच आला नसता, असं मी म्हणालो ते मामाला आवडलं नाही.

बारा-तेरा फुटांच्या चौरस खोल्या तर आणखी वाईट, कारण लांबी आणि रुंदीचे सूर एकाच जागी येऊन पडतात. आपल्याकडे बेडरूम अनेकदा चौरस.

## आधी सोफा हलवा

डीएसपीकडे जाण्याआधी फुकटचं औषध. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकवूनच ठेवतात. हॉल मोकळा दिसायला हवा, पाहुणे येतात. पण भिंत म्हणजे घंगाळाचा काठ. तिथं बसलं की त्या दिशेचा, म्हणजे लांबीचा, प्रत्येक सूर पूर्ण जोरात कानावर येतो. मामाचा सोफा दीड फूट पुढं ओढला, म्हणजे डोकं मागच्या भिंतीपासून अडीच फुटांवर आलं, आणि ७० चा घुमारा तिथंच अर्ध्याच्या आसपास उतरला. मामीच्या कपाळावर आठी आली, ती वेगळी. तिची आठी पुढं पुन्हा येईल.

स्पीकरसुद्धा कोपऱ्यात कोंबू नयेत. कोपरा म्हणजे तीन काठ एकत्र.

## मग डीएसपी नेमकं करतं काय?

डीएसपी म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग. सोप्या मराठीत, आवाजाच्या आकड्यांवरचा हिशेब. सीडीवर एका सेकंदाचा आवाज म्हणजे ४४,१०० आकडे, डाव्याचे वेगळे, उजव्याचे वेगळे. प्रत्येक आकडा म्हणजे त्या क्षणी आवाजाची लाट किती वर किंवा किती खाली होती, याची नोंद. स्पीकरकडे जाण्याआधी एक चिप हे आकडे हातात घेते. चालू आकडा, त्याच्या मागचे काही आकडे, आधी निघालेली काही उत्तरं, प्रत्येकाला ठरावीक गुणक, आणि सगळ्यांची बेरीज. एवढंच. पण गुणक नीट निवडले, तर नेमका ७० हर्ट्झचा सूर खाली येतो आणि शेजारच्या ९० ला धक्काही लागत नाही. या हिशेबाला फिल्टर म्हणतात.

खोलीचं माप घेऊन त्याप्रमाणे असे फिल्टर बसवणं म्हणजे रूम करेक्शन. खोली ७० ला जेवढं फुगवते, तेवढं आपण आधीच कमी पाठवायचं. खोली बदलत नाही, भिंत आहे तिथंच राहते. बेळगावी भाषेत सांगायचं तर 'स्वल्प ॲडजस्ट माडी', जरा जुळवून घ्या. शेजारी सरकत नाही, तर आपण अंग चोरायचं.

मामाच्या हॉलला मुख्य फिल्टर एकच लागला, त्यात तीन आकडे: कुठं, ७० हर्ट्झ, किती, उणे ७ डेसिबल, किती अरुंद, बऱ्यापैकी अरुंद. डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप. ३ डेसिबल कमी म्हणजे ताकद निम्मी, १० डेसिबल कमी म्हणजे एक दशांश.

## बास-ट्रेबलची बटणं आहेत की!

आहेत. पण पेटीतली एकच पट्टी बोंबलत असेल, तर तुम्ही डावीकडच्या सगळ्या पट्ट्यांवर गोधडी टाकाल का? बासचं बटण तेच करतं. ७० चा घुमारा कमी करायला गेलात तर ४०, १००, १५० सगळंच खाली जातं. डग्गा गेला, पखवाज गेला, पुरुषी आवाजातला भरदारपणा गेला, आणि घुमारा थोडा उरलाच. मामा वर्षभर तेच बटण फिरवत होता.

## मोजायचं कसं?

मापाचा माइक लागतो. चांगल्या रिसीव्हरबरोबर, म्हणजे होम थिएटरच्या ॲम्प्लिफायरबरोबर, तो खोक्यातच येतो. ऑडिसी, डिरॅक, यामाहाचं वायपीएओ ही या कामाच्या पद्धतींची नावं. रिसीव्हर नसेल तर यूमिक-१ सारखा यूएसबी माइक संगणकाला लावायचा, 'रूम ईक्यू विझार्ड' हे फुकट सॉफ्टवेअर घ्यायचं, आणि निघालेले फिल्टर विंडोजवर 'इक्वलायझर एपीओ'मध्ये, नाहीतर ॲम्प्लिफायरच्या आधी जोडायच्या छोट्या डीएसपी डबीत भरायचे. मेनू बहुतेक इंग्रजीत. मराठी की कन्नड, हा वाद निदान इथं तरी नाही.

माइक कानाच्या उंचीवर, कॅमेऱ्याच्या तिवईवर ठेवायचा. सोफ्यावर उशीला टेकवून ठेवू नका, आणि हातात तर अजिबात धरू नका. मग स्पीकरमधून एक सूर निघतो, जमिनीखालून यावा तसा २० हर्ट्झपासून आणि शेवटी डासाच्या गुणगुणीसारखा २०,००० पर्यंत. आम्ही हे रात्री बारानंतर केलं, कारण दिवसा गल्लीतल्या मागांची खडखड मापात येत होती. पंखा बंद, फ्रीज बंद. सूर पन्नाशी ओलांडून जरा पुढं गेला आणि शोकेसमधले स्टीलचे पेले एकदम किणकिणले, पुढच्या क्षणी गप्प. पेल्यांनी आपला सूर ओळखला होता. यावर डीएसपीचा इलाज नाही. पेल्यांखाली फ्लॅनेलचा तुकडा घातला.

एकाच जागी मोजून भागत नाही. डोकं वीतभर हललं की वरच्या सुरांचं चित्र बदलतं. म्हणून सोफ्यावरच्या पाच-सात जागी माप घेऊन सरासरी काढतात. मोबाइलच्या माइकवर अंदाज येतो, पण फोन बोलण्यासाठी बनवलेला, खालचे सूर तो अनेकदा मुद्दाम कापतो. यूमिकसारख्या माइकला त्याच्या क्रमांकाप्रमाणे दुरुस्तीची फाइल मिळते, म्हणजे माइकची स्वतःची चूकही वजा होते.

## खड्डा भरत का नाही?

मापाच्या आलेखात डोंगर असतात तसे खड्डेही. मामाच्या जागेवर ४७ हर्ट्झला खोल खड्डा होता. साहजिक आहे: ४७ हा रुंदीचा सूर, आणि मामा सोफ्याच्या मधोमध, म्हणजे घंगाळातल्या न हलणाऱ्या पाण्यात बसलेला. सोफ्याच्या टोकाला बसणारी मामी मात्र म्हणायची, "मला तर चांगलं ऐकू येतंय." दोघंही खरं बोलत होते.

मग डोंगर खाली आणला तसा खड्डा वर उचलता येईल की? इथं बहुतेक जण फसतात. रस्सीखेचीत दोन्ही बाजू सारख्याच ताकदीच्या असतील तर दोर हलत नाही. दोन्हीकडं आणखी पाच-पाच पैलवान लावा. दोर तरी हलणार नाही, घाम मात्र दुप्पट. खड्ड्यात तसंच होतं. डाव्या भिंतीकडून आणि उजव्या भिंतीकडून येणाऱ्या लाटा एकमेकींना खोडतात. तुम्ही ४७ वाढवलात की दोन्ही लाटा वाढतात, खोडाखोड तशीच चालू. आणि ९ डेसिबल वाढवायचं म्हणजे ॲम्प्लिफायरला आठपट ताकद. २० वॉटचं काम १६० वॉटवर जातं, स्पीकरचा हलणारा पडदा धापा टाकायला लागतो, आणि ऐकू काही येत नाही. सोफ्याच्या टोकाला मामीच्या कानात मात्र सगळं ओतलं जातं.

म्हणून नियम: डोंगर कापा, खड्डे सोडून द्या. खड्ड्यावर उपाय एकच, बसायची किंवा स्पीकरची जागा बदलणं. एखादं यंत्र आपोआप खड्डे भरायला जात असेल तर त्याला तिथं अडवा. बऱ्याच ॲपमध्ये तशी मर्यादा घालता येते.

## जाड पडदे, भिंतीवर घोंगडं लावलं तर?

एका कामासाठी उत्तम, दुसऱ्यासाठी निरुपयोगी. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवा. मागून 'टर्रर्र' असा धातूसारखा नाद आला, तर दोन कोऱ्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा आपटतोय. यावर पडदा, सतरंजी, पुस्तकांचं कपाट, भिंतीवरचं घोंगडं हेच औषध, आणि डीएसपीचा इथं काडीचाही उपयोग नाही. रेंगाळणारा प्रतिध्वनी आकड्यांच्या हिशेबानं पुसता येत नाही.

पण ७० हर्ट्झच्या लाटेची लांबी १६ फूट. तिच्यापुढे अर्ध्या इंचाचं घोंगडं म्हणजे म्हशीपुढं मच्छरदाणी. तिला दमवायचं तर काही फूट जाडीचा थर हवा. मामाच्या जुन्या मागाच्या खोलीत साड्यांचे गठ्ठे छतापर्यंत होते, तिथं आवाज एवढा गोड का लागायचा, हे आता कळलं. पण हॉलमध्ये गठ्ठे रचायला मामीची परवानगी लागेल.

वरचं घोंगड्यानं, खालचं डीएसपीनं. वाटणी साधारण अशी.

## मूळ आवाजात ही ढवळाढवळ नाही का?

हा आक्षेप जाणकारांचा, आणि अर्धा बरोबर आहे. खालच्या सुरांपुरता तो टिकत नाही. ढवळाढवळ खोलीनं आधीच केलेली आहे. रेकॉर्डिंगमध्ये नसलेला घुमारा तिनं घातला, तो आपण काढतोय. दुप्पट किमतीचे स्पीकर आणले असते, तरी त्या हॉलनं त्यांचाही ७० फुगवलाच असता.

वरच्या सुरांबाबत मात्र आक्षेप घेणाऱ्यांशी मी सहमत आहे. घरगुती खोल्यांत साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास एक सीमारेषा असते, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांच्या नावानं ती ओळखतात. त्या रेषेखाली खोलीचं राज्य, वर स्पीकरचं. मंगल कार्यालयातल्या गोंगाटातही आईनं मारलेली हाक आपण नेमकी पकडतो. थेट आलेला आवाज आणि भिंतीवरून आलेला, यांतला फरक कानाला कळतो. माइकला कळत नाही, तो सगळं एकत्र मोजतो. त्याच्या मापावर विसंबून वरचे सूर सपाट करायला गेलं, की चांगला स्पीकर बिघडवून बसतो. कॅनडातले ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल अनेक वर्षं हेच सांगत आले: वरच्या भागासाठी मुळात चांगला स्पीकर निवडा, दुरुस्ती खालच्या भागाची करा. म्हणून मामाच्या मांडणीत ३०० च्या वर मी हात लावला नाही. तुमच्या यंत्रात दुरुस्ती कुठपर्यंत करायची हे ठरवता येत असेल, तर आधी तिथंच थांबवून ऐका. खालपासून वरपर्यंत सगळ्या सुरांत दुरुस्ती करून 'वा' म्हणायला लावणारी दुकानातली प्रात्यक्षिकं मला तरी दहा मिनिटांत टोचायला लागतात.

आणखी एक बारीक शंका: हिशेबाला वेळ लागतो, मग उशीर होत नाही का? मामाला लावला तशा साध्या फिल्टरांना जवळजवळ नाही. काही लांबलचक फिल्टरांना होतो, तेव्हा टीव्हीवर ओठ आधी आणि शब्द नंतर. चित्र तेवढंच मागं ठेवलं तरच ते जुळतं. घरी माइक लावून पेटीवर गाणार असाल, तर मात्र तो उशीर सहन होत नाही.

## दुरुस्तीनंतर आवाज पातळ का वाटतो?

पहिल्या दिवशी मामाला आवडलं नाही. "जीवच गेला गाण्यातला," म्हणाला. महिनोन्‌महिने घुमाऱ्याची सवय झालेल्या कानाला तो काढला की रिकामं वाटतं, रोज जास्त तिखट खाणाऱ्याला साधी आमटी लागते तसं. थोडी खरी अडचणही असते: यंत्रानं आलेख दोरीसारखा सपाट केला, तर आवाज खरंच कोरडा लागतो. बहुतेक ऐकणाऱ्यांना सपाट नव्हे, खालून वर हळूहळू उतरत जाणारी रेषा आवडते, खालचे सूर वरच्यांपेक्षा काही डेसिबल वर. या ठरवलेल्या रेषेला 'टार्गेट कर्व्ह' म्हणतात, आणि ती बदलायचा अधिकार तुमचा. मामासाठी बास तीन डेसिबलनं वर ठेवला आणि चार दिवस काही न बदलता ऐकायला सांगितलं. पाचव्या दिवशी फिल्टर बंद करून दाखवला. मामानं दहा सेकंदांत हात वर केला, "बंद कर ते." त्याला म्हणायचं होतं, चालू कर.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पुन्हा फोन. "परत घुमूलंय रे. तुझं ते डीएसपी उतरलं वाटतं." जाऊन बघितलं, फिल्टर जागच्या जागी होता. सोफा भिंतीला टेकलेला होता. साफसफाई झाली होती, पाहुणे येणार होते, आणि मामीनं हॉल मोकळा केला होता. माप घेतलं होतं ते अडीच फुटांवरच्या कानाचं, आणि कान परत भिंतीपाशी गेला होता.

रात्री बारानंतर पुन्हा तिवई काढली. आता मामाच्या डीएसपी डबीत दोन मांडण्या साठवलेल्या आहेत. एकीला नाव दिलंय 'मामा', दुसरीला 'पाहुणे'.